दोराचं वरचं टोक

१

हरिश्चंद्रचं काम सांगायला सोपं होतं. ट्रॉलरच्या पंख्यात जाळं नाहीतर दोरखंड अडकला, की पाठीला हवेची टाकी बांधून बोटीखाली उतरायचं आणि तो गुंता सुरीनं कापून काढायचा. मिरकरवाडा बंदरात हे काम करणारी माणसं दोघं-तिघंच, आणि त्यांतही बोटवाले आधी फोन लावत तो हरिश्चंद्रला. भरल्या ताटावरून उठायचा तो. "पंखा अडकला म्हणजे बारा माणसांचं जेवण अडकलं," म्हणायचा. त्याची बायको राजश्री, अंगणवाडीत शिकवणारी, विचारायची, "आणि तुमचं?" तर म्हणायचा, "माझं झाकून ठेवायला तू आहेस ना, मॅडम."

मागच्या वर्षी पौषात एका बोटीवर बर्फाच्या पाण्यावरून त्याचा पाय सटकला आणि तो लोखंडी कठड्यावर आडवा आदळला. दोन बरगड्या मोडल्या. एकीचं टोक आत घुसलं आणि डावं फुफ्फुस हवा गेलेल्या पिशवीसारखं मिटून बसलं. अकरा दिवस तो रुग्णालयात होता. छातीत नळी घातलेली आणि नळीचं दुसरं टोक कॉटखालच्या पाण्याच्या बाटलीत. छातीत भलत्या जागी साठलेली हवा त्या बाटलीतून बुडबुड्यांनी बाहेर पडायची. नर्स म्हणाली होती, "ताई, बुडबुडे थांबले की समजायचं, आतलं भोक बुजलं." राजश्री अकरा दिवस त्या बाटलीकडे डोळे लावून बसली. नवऱ्याच्या श्वासाची चाल तिला तोंडपाठ झाली. एक लांब, मध्येच एक अडखळ, मग एक आखूड.

बुडबुडे थांबले, तो घरी आला, पण घरी काही रमला नाही. चौदा महिने अंगणातल्या चिऱ्याच्या बुटक्या भिंतीवर, गडग्यावर, बसून खाली बंदराकडे बघत राहिला. सकाळी उठला की खोकायचा, चढण चढताना एकदा थांबायचा. राजश्रीनं परोपरीनं सांगून पाहिलं. बर्फाच्या कारखान्यात लागा, मासळीचा टेम्पो चालवा, काहीही करा, पण पाण्यात नको. तो नुसता हसायचा. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी स्कॅन बघितला आणि लिहून दिलं, की उथळ पाण्यात हरकत नाही, वर येताना सावकाश यायचं, श्वास कोंडायचा नाही. सकाळच्या खोकल्याचं त्यानं डॉक्टरांना सांगितलं नाही. शेजारी बसलेल्या राजश्रीनंही नाही सांगितलं. त्याच्या तोंडावरचा आनंद बघून तिची जीभ उचलली नाही.

बोटीखाली उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असतो आणि त्या दोराचं वरचं टोक एका माणसाच्या मनगटाला. बावीस वर्षं हे टोक हरिश्चंद्रच्या भावकीतल्या लवूकाकांकडे होतं. आता त्यांचे हात वयानं कापायचे. हरिश्चंद्र म्हणाला, "दोर राजश्री धरेल. लवूकाकांना माझं सुतक दहा दिवस, हिला जन्मभर. मग सांगा, दोर कोणाच्या हातात बरा?"

लवूकाकांनी तिला अंगणात बसवून शिकवलं. "एक ओढ म्हंजे ठीक. दोन म्हंजे सैल सोड. तीन म्हंजे वर घे, आनि तिथं इचार करत बसायचा नाय. इंजिनाची चावी तुझ्याकडं ठेवायची. तो वर येईस्तोवर कोनाच्या बापाला द्यायची नाय, नायतर इकडं तो खाली आनि तिकडं कोन तरी पंखा फिरवील. आनि शेवटचा. वर आला की लगीच गाठ सोडायची नाय. नावानं हाक मारायची. त्यानं ओ दिली, की मग सोडायची."

"ते कशाला, काका?"

"माज्या आज्यानं सांगितला नाय, मी इचारला नाय. मारायची हाक."

राजश्रीनं मान हलवली. पण बाकीचं सगळं सोपं वाटलं आणि हेच अवघड वाटलं. नवऱ्याचं नाव तिनं लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली तरी त्यांचं वळण मोडलं नव्हतं. रुग्णालयात पेशंटचं नाव विचारलं, तेव्हा तिनं सानवीला, आपल्या मुलीला, पुढे केलं होतं.

२

रविवारी सकाळी फोन आला. धक्क्याच्या जुन्या पायऱ्यांजवळ एक ट्रॉलर लागला होता आणि त्याच्या पंख्यात आख्खं जाळं गुंडाळलं गेलं होतं.

हरिश्चंद्रनं काळा पोशाख चढवला, शिशाचा पट्टा आवळला, टाकी पाठीवर घेतली. तोंडात नळी घालण्याआधी दोनदा खोकला, आणि खोकून झाल्यावर चोरासारखं राजश्रीकडे बघितलं.

"जाऊ ना?"

नको म्हणायची तीच वेळ होती. बोटीचा तांडेल, खलाशी, धक्क्यावर उभे लवूकाका, सगळे बघत होते. राजश्री म्हणाली, "जपून."

"चावी?"

तिनं पदराच्या गाठीत बांधलेली चावी दाखवली.

"शाब्बास, मॅडम," म्हणून तो शिडीवरून उतरला. पाणी त्याच्या डोक्यावर मिटलं आणि बुडबुडे वर यायला लागले.

राजश्रीनं मोजायला सुरुवात केली. एक लांब, एक अडखळ, एक आखूड. तिच्या ओळखीचे होते ते. पलीकडे लिलावाचा गलका चालला होता. बर्फ फोडायच्या यंत्राची घरघर येत होती, पण तिच्या कानांत जात नव्हतं काही. मनगटाला एक ओढ बसायची, तीही एक ओढ द्यायची. हिरव्या जाळ्याचे तुकडे एकेक करून वर तरंगायला लागले.

वीस-बावीस मिनिटं झाली असतील. बुडबुडे थांबले.

तिला वाटलं, हालला असेल, बोटीच्या पलीकडच्या अंगाला गेला असेल. तिनं वाकून बघितलं. पाणी गढूळ, डिझेलचा तवंग, त्यावर माशांचे खवले. तिनं एक ओढ दिली. दोर जड होता, पण कुठे अडकलेल्या दोरासारखा मुका जड. तिनं पुन्हा ओढ दिली. लवूकाकांना हाक मारायला तोंड उघडलं तोच बुडबुडे परत आले. बोटीखालून नव्हे, हातभर अलीकडे, पायऱ्यांच्या बाजूला. आणि लगेच शिडी हलली. हरिश्चंद्र वर येत होता.

तो चढला तो सरळ चढला. मध्ये थांबला नाही. फळीवर बसला, चष्मा कपाळावर सारला. अंगावरून पाणी निथळत होतं. त्याच्यासमोर उकिडवी बसून तिनं विचारलं, "अहो, आलात?"

त्यानं तिच्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

"हं," म्हणाला.

तिनं त्याच्या कमरेची गाठ सोडली. ओला दोर बोटीच्या कडेवरून घसरून निम्मा पाण्यात गेला. तो गोळा करायला ती वाकली, तर पायऱ्यांच्या बाजूला बुडबुडे येतच होते. एक लांब. एक अडखळ. एक आखूड.

"अहो, हे बघा. अजून येतायत."

"बोटीच्या पोटाखाली हवा अडकते," तो तिकडे न बघताच म्हणाला. "सुटेल हळूहळू."

खरंच होतं ते. तिला पटलं. पटवून घेतलं.

३

त्या दिवसापासून खोकला गेला.

सोमवारी सकाळी राजश्री चुलीपाशी उभी राहून वाट बघत होती. चौदा महिन्यांची सवय. तो उठायचा, खोकायचा, आणि त्या आवाजावर ती चहाचं आधण ठेवायची. त्या दिवशी आवाज झालाच नाही. वळून बघते तर तो दारात उभा. केव्हाचा उभा होता कोण जाणे.

"बरं वाटतंय?" तिनं विचारलं.

"छान वाटतंय."

चढणीवर थांबणंही गेलं. पाण्याची कळशी घेऊन एका दमात वर आला आणि दम असा लागलाच नाही. रात्री इतकी वर्षं उजव्या कुशीवर झोपणारा माणूस डाव्या कुशीवर झोपला. राजश्रीनं स्वतःला समजावलं, की जखम भरली, आता त्या कुशीवर दुखत नसेल. पाण्यात उतरला, मनाचं भय गेलं, म्हणून शरीर सुधारलं. डॉक्टरच नव्हते का म्हणाले, निम्मा आजार मनाचा असतो?

दुपारी सर्वेशचा फोन आला. टाक्यांत हवा भरून द्यायचं काम सर्वेश करतो.

"काकू, काका काल खाली जाऊन झोपले होते काय?"

"का रे?"

"टाकी भरायला आणलीय ना त्यांनी, ती भरलेलीच आहे. काटा जागचा हललेला नाही. मी म्हटलं, चौदा महिन्यांनी उतरले आणि श्वास घ्यायला विसरले की काय!"

तो हसला. राजश्रीही हसली. फोन ठेवल्यावर तिला आठवलं, वीस मिनिटं तिनं स्वतः बुडबुडे मोजले होते. काटा बिघडला असेल. जुनीच तर टाकी.

संध्याकाळी हरिश्चंद्र गडग्यावर बसलाच नाही. घरात बसला. सानवीची दहावीची परीक्षा चालू होती, ती भूगोल पाठ करत होती. तिच्यासमोर बसून तो ऐकत राहिला. मग राजश्रीला म्हणाला, "मी आता पाण्यात जाणार नाही."

ती पोळी लाटायची थांबली.

"सामान देऊन टाकतो सर्वेशला. बर्फाच्या कारखान्यात विचारून आलोय. परवापासून जायचं."

एवढं एक वाक्य ऐकायला तिनं चौदा महिने देव पाण्यात घातले होते. पदराला डोळे पुसत ती म्हणाली, "देवच पावला म्हणायचा."

"हं," तो म्हणाला.

सानवी रात्री हळूच कानाशी येऊन म्हणाली, "आई, बाबा किती शहाणे झालेत! मला आज एकदाही 'कलेक्टरीणबाई' म्हणाले नाहीत."

मग राजश्रीच्या ध्यानात आलं. तिलाही त्यानं दोन दिवसांत एकदाही मॅडम म्हटलं नव्हतं.

४

मंगळवारी ती बांगडे आणायला धक्क्यावर गेली. जुन्या पायऱ्यांजवळचा तो ट्रॉलर सोमवारीच समुद्रावर गेला होता. तिथं उघडं पाणी होतं, त्यावर एक प्लास्टिकची बाटली डुलत होती. आणि त्या बाटलीच्या शेजारी बुडबुडे येत होते.

बोटच नव्हती, तर बोटीखाली अडकलेली हवा कुठली?

ती पायरीवर बसली. मासळीची पिशवी मांडीवर, बांगड्यांचं पाणी लुगड्यावर गळतंय त्याचं भान नाही. बंदराच्या तळाशी गाळ असतो. वर्षानुवर्षं माशांची आतडी पडून कुजलेला गाळ. त्यात वायू होतो, तो फुटतो, हे तिनंच अंगणवाडीतल्या पोरांना सांगितलं होतं. पण गाळातला वायू बुदबुद करून फुटतो आणि संपतो. तो अडखळत नाही. एक लांब, मग अडखळ, मग आखूड, असा अकरा दिवस ऐकलेला हिशेब गाळाला कुठून ठाऊक?

मध्येच बुडबुड्यांचा एक मोठा लोट भसकन वर आला. मग दुसरा. कॉटखालच्या बाटलीत अगदी असेच यायचे, तो खोकला की.

"बसलीस होय?" मागून लवूकाका म्हणाले. ते पायऱ्यांच्या वरच उभे होते, हात पाठीशी धरून, कापतात ते दिसू नयेत म्हणून. "मी पन कालपासनं बसतंय."

"काका, हे काय असेल?"

त्यांनी पाण्याकडे बघत विचारलं, "सूनबाय, परवा त्याला वर घेतलंस, तवा हाक मारलीस?"

"मारली की."

"नावानं?"

राजश्रीनं बांगड्यांच्या पिशवीची गाठ उगाच घट्ट केली.

"अहो म्हटलं," ती हळूच म्हणाली. "'अहो, आलात?' असं."

लवूकाका खाली तिच्या शेजारी बसले. मग म्हणाले, "अहो म्हटल्यावर कोन पन ओ दील, बाय."

५

घरी येताना तिला स्वतःचाच राग आला. चांगला नांदता नवरा, खोकला गेलेला, पाणी सोडलेला, आणि आपण म्हाताऱ्याच्या नादी लागून पाण्यातले बुडबुडे मोजतोय. लोक ऐकतील तर काय म्हणतील? माहेरी बहिणीला फोन करून सांगायचं म्हटलं तरी कसं सांगणार, की बाई गं, माझा नवरा सुधारलाय, म्हणून मला भीती वाटते?

बुधवारी तो कारखान्यात गेला, संध्याकाळी वेळेवर घरी आला. हातपाय धुऊन माजघरात वर्तमानपत्र घेऊन बसला. सानवी शेजारी मैत्रिणीकडे गेली होती. राजश्री स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. त्याची पाठ तिच्याकडे. पंखा बंद होता, घर एवढं शांत, की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू यावा.

तिनं कान देऊन दुसरा एक आवाज शोधला. तो ऐकू आला नाही. मग ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. सदरा ताणतोय का, सैल पडतोय का. वर्तमानपत्राचं पान उलटलं. पुन्हा एक उलटलं. सदऱ्याची एक सुरकुतीही हलली नाही. पातळ कापड आहे, लांबून दिसत नसेल, असं ती स्वतःला म्हणाली. तिलाच श्वास घ्यायची आठवण राहिली नव्हती.

मग तिनं ओठ उघडले. वीस वर्षांत त्या घरात तिच्या तोंडून न निघालेला शब्द होता तो. आवाज फाटका निघाला.

"हरिश्चंद्र."

तो वाचत राहिला.

"हरिश्चंद्र!"

पान उलटलं. मान हलली नाही, खांदा हलला नाही. ऐकू न येणाऱ्या माणसासारखं नव्हतं ते. दुसऱ्या कोणाला तरी हाक मारलीय, आपला काय संबंध, असं बसणं होतं.

राजश्रीनं दाराची चौकट धरली. "अहो," ती म्हणाली.

तो लगेच वळला. "हं?"

चेहरा हरिश्चंद्रचाच होता. डाव्या भुवईवरचा व्रण, समोरचा अर्धा तुटलेला दात. डोळ्यांत माया होती. खोटी वाटावी अशीही नाही. राजश्रीला त्यातल्या त्यात त्याचीच भीती जास्त वाटली.

"चहा ठेवू?" तिनं विचारलं.

"तू बस," तो म्हणाला. "दमतेस. मी ठेवतो."

६

गुरुवारी बुडबुडे बारीक झाले होते.

लवूकाका आणि ती पायरीवर बसून बघत होते. लांब श्वास आखूड झाला होता आणि आखूड तर येईच ना. दोहोंमधली वाट बघणं वाढलं होतं. लवूकाका मनाशी आकडे म्हणत. तीस. चाळीस. एकदा साठावर गेले, तेव्हा राजश्रीनं त्यांचा कापणारा हात घट्ट धरला. मग एक बुडबुडा आला, वाटाण्याएवढा.

"काका, आपण दुसरा पाणबुड्या उतरवूया? सर्वेशला सांगते."

"काय सांगशील त्याला?"

खरंच, काय सांगणार? माझा नवरा घरी आहे, त्याला पाण्यातून काढ?

ती रात्रभर अंथरुणावर टक्क जागी होती. शेजारी तो डाव्या कुशीवर निजला होता, पाठ गार. ती एकच गोष्ट घोकत होती. हा राहिला तर काय बिघडेल? सानवीला बाप हवा, तो आहे. घराला पुरुष हवा, तो आहे. पाण्यात जाणार नाही, रागावणार नाही, भरल्या ताटावरून उठणार नाही. मी मागितलं होतं तेच तर मिळालं. दोन दिवस बंदराकडे फिरकले नाही, की पाणी सपाट होईल. मग कोणी कधी विचारणार नाही.

पहाटे तिनं चहाचं आधण ठेवलं आणि खोकला ऐकायची वाट बघत उभी राहिली. आधण आटून गेलं.

७

शुक्रवारी बोटी समुद्रावर जात नाहीत. दुपारच्या नमाजाच्या वेळी मिरकरवाड्याचा धक्का रिकामा असतो. जाळी वाळत पडलेली, मांजरं सावलीला. कारखान्यालाही सुट्टी होती, म्हणून तो घरी सानवीजवळ होता. राजश्री पिशवीत दोर घालून निघाली, तेव्हा त्यानं कुठे जातेस विचारलं नाही. नुसतं बघितलं.

पायऱ्यांशी ओहोटीचं पाणी होतं, पसरलेल्या दोन हातांचा एक, असे चार वाव खोल असेल नसेल. बुडबुडे दिसत नव्हते. लवूकाका म्हणाले, "नव्वदावर एक आला. अजून हाय."

तिनं दोराच्या टोकाला शिशाचा तुकडा बांधून सोडला. दोर सुळसुळत गेला, तळाला टेकला, सैल पडला. वरचं टोक तिनं मनगटाला बांधलं. मग पायरीवर गुडघे टेकून, पाण्यावर वाकून, सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"हरिश्चंद्र!"

पाणी हललं नाही. मांजरानं मान वर केली. लवूकाका आकडे म्हणायचे थांबले.

"हरिश्चंद्र! मी आहे वर! राजश्री!"

मनगटाला ओढ बसली. एक.

मग दुसरी.

मग बराच वेळ काही नाही. ताकद गोळा करायला लागावी तेवढा वेळ. मग तिसरी.

तिनं विचार केला नाही. दोन्ही हातांनी दोर खेचायला लागली. जड होता, एका माणसाएवढा जड, आणि चिखल काही सोडायला तयार नव्हता. लवूकाकांनी आपले कापरे हात दोराला लावले. पहिला वाव वर आला. दोरावरून काळा गाळ ओघळला.

कमरेचा मोबाइल वाजायला लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. लवूकाकांनी तो काढून तिच्या कानाशी धरला. सानवी रडत होती.

"आई, लवकर घरी ये! बाबांना काहीतरी होतंय. बसल्या बसल्या वाकले, तोंडातून पाणी येतंय. खारट पाणी, आई, थांबतच नाही!"

राजश्रीचे हात थांबले. दोर हातभर खाली गेला.

"आता?" तिनं विचारलं.

"आता जरा... आता थांबलं. बघतायत माझ्याकडे. आई, तू ये ना!"

तिच्या मनगटात दोर रुतला होता. दोराच्या त्या टोकाला बारीक थरथर होती, थकलेल्या माणसाच्या हाताला असते तशी. तिला उभ्या आयुष्यात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. लेक तिकडे बापासाठी रडतेय, आणि बाप... तिनं लवूकाकांकडे बघितलं. बावीस वर्षं दोर धरलेला माणूस, पण दोर आज तिच्या हातात होता.

"सानू, ऐक माझं. तू घराबाहेर जा. शेजारी जा. आत्ता."

"आणि बाबा?"

"बाहेर जा म्हणते ना!"

तिनं खेचलं. दुसरा वाव. फोनमध्ये सानवी किंचाळली, मग काहीतरी आपटल्याचा आवाज आला, मग दार. राजश्री रडत रडत खेचत होती. तळहाताची साल निघाली. तिसरा वाव. पाण्यात खाली काहीतरी फिकट दिसायला लागलं. गढूळ हिरव्यातून वर येणारं, अजून आकार नसलेलं.

"आई," सानवीचा आवाज आला, धापा टाकत, पण शांत झालेला. "मी शेजारच्या ओट्यावर आहे. बाबा ठीक आहेत. उठून उभे राहिले."

"कुठे आहेत?"

"गेले. म्हणाले, आईला मदत हवीय. तुझ्याकडेच यायला निघाले."

घरापासून बंदरापर्यंत उताराची वाट. पाच मिनिटंही लागत नाहीत.

ती खेचत राहिली. शेवटचा वाव सगळ्यांत जड होता. मग पाणी फुटलं आणि एक हात वर आला. दोर पकडलेला हात, गाळानं माखलेला, नखं निळी. त्या हातानं चाचपून पायरीची कड धरली. बोटं दगडावर घसरली, पुन्हा धरली. मधल्या बोटावरची जुनी सुरीची खूण तिला गाळातूनही ओळखू आली. पाण्याखालून एक खोकला आला आणि बुडबुड्यांचा लोट तिच्या गुडघ्यांना लागला. डोकं अजून वर यायचं होतं.

लवूकाकांनी दोर सोडला. ते तिच्या मागे, वरच्या पायऱ्यांकडे बघत होते, आणि बघता बघता बाजूला सरकले.

एकेक पायरी उतरणारी पावलं तिनं ऐकली. सावकाश, धाप न लागलेल्या माणसाची. उन्हातली सावली तिच्या खांद्यावरून पुढे पाण्यावर पडली. मग तो तिच्या शेजारी वाकला. श्वासाचा आवाज नाही, कपड्याचा नाही. कोरडा, स्वच्छ हात तिच्या समोर आला. मधल्या बोटाला तीच जुनी सुरीची खूण, दगडावरच्या हाताला होती तीच.

"दमलीस," तो मायेनं म्हणाला. "दे इकडे. मी ओढतो."

राजश्रीनं त्याच्याकडे बघितलं नाही. तिनं मनगटाला दोराचा आणखी एक वेढा दिला.